पुलावरचा रियाज आणि चाळीस मिनिटांची तबकडी : सनी रॉलिन्सच्या ‘द ब्रिज’वरील मतभेदांचे एक प्रकरण

१९६२ साली आरसीए व्हिक्टर कंपनीने सनी रॉलिन्सची ‘द ब्रिज’ ही तबकडी बाजारात आणली, तेव्हा ती ऐकण्याआधीच जॅझच्या रसिकांना तिच्यामागची हकीकत तोंडपाठ होती. टेनर सॅक्सोफोनवर ज्याचे नाव जॉन कोल्ट्रेनच्या बरोबरीने घेतले जाई, असा हा वादक १९५९च्या उन्हाळ्यात, वयाच्या २८व्या वर्षी, ऐन भरात असताना मैफली आणि ध्वनिमुद्रण दोन्ही सोडून बाजूला झाला होता, आणि पुढची दोन वर्षे त्याने न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर उभे राहून एकट्याने रियाज केला होता. परतल्यावर त्याने केलेली ही पहिली तबकडी. तिच्याविषयी तेव्हा झालेले मतभेद आज साठ वर्षांनंतरही मिटलेले नाहीत. या टिपणात त्या मतभेदांचीच तपासणी करायची आहे; रॉलिन्सचे चरित्र त्यासाठी लागेल तेवढेच येईल. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना वाचकाला सावध राहता येईल. माझ्या समजुतीप्रमाणे हा वाद तबकडीतल्या सुरांवर फार थोडा आहे. रियाजातून काय निष्पन्न व्हायला हवे, यावर तो बराचसा आहे.

पार्श्वभूमी

१९५६ ते १९५८ या तीन वर्षांत रॉलिन्सने जे काम केले, त्यावरच एखाद्याची कारकीर्द उभी राहिली असती. १९५६ची ‘सॅक्सोफोन कोलोसस’, पियानोला रजा देऊन केवळ बास आणि ड्रम्सच्या साथीने वाजवलेली १९५७ची ‘वे आउट वेस्ट’, त्याच वर्षी व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबात झालेले ध्वनिमुद्रण आणि १९५८चा ‘फ्रीडम स्वीट’ ही त्यातली ठळक नावे. रॉलिन्सला मात्र आपले नाव आपल्या वादनापेक्षा मोठे झाल्याची टोचणी लागली होती. लोक ज्याच्यासाठी तिकीट काढतात तो वादक आपण अजून झालेलो नाही, असे त्याला वाटे, आणि तसे त्याने पुढे अनेकदा बोलूनही दाखवले.

तो मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात ग्रँड स्ट्रीटवर राहत असे. शेजारी एक गरोदर बाई होती. टेनर सॅक्सोफोनचा आवाज भिंतीने अडत नाही, आणि तिला त्रास होऊ नये म्हणून त्याने बाहेर जागा शोधायला सुरुवात केली. घरापासून जवळच ईस्ट नदीवरचा, मॅनहॅटन आणि ब्रुकलिन यांना जोडणारा, १९०३ साली खुला झालेला विल्यम्सबर्ग पूल होता. त्यावर पायी चालण्याची वेगळी वाट होती, शेजारून गाड्या आणि आगगाड्या धडधडत जात, आणि खाली बोटींचे भोंगे वाजत. त्या गोंगाटात सॅक्सोफोन कितीही जोराने फुंकला तरी कोणाची तक्रार येत नसे. रॉलिन्सने स्वतःच सांगितल्याप्रमाणे कधीकधी हा रियाज दिवसाला १५-१६ तासांपर्यंत जाई, आणि हिवाळ्यातही तो थांबला नाही. १९६१ साली ‘मेट्रोनोम’ या मासिकात एका पुलावर एकट्याने वाजवणाऱ्या सॅक्सोफोनवादकावर एक लेख आला. लेखकाने वादकाचे नाव बदलले होते आणि पूलही बदलला होता, पण जाणकारांना ओळख पटायला वेळ लागला नाही.

इथेच प्रकरणाला वळण मिळाले. हा मुळात शेजारधर्माचा आणि घराच्या पातळ भिंतींचा प्रश्न होता. छापून आल्यावर त्याची दंतकथा झाली. आपल्याकडे चिल्ला करणाऱ्या गवयांच्या, चाळीस दिवस खोलीत कोंडून घेऊन एकच राग घोटणाऱ्यांच्या गोष्टी ज्या आदराने सांगितल्या जातात, त्याच आदराने ही गोष्ट न्यूयॉर्कमध्ये सांगितली जाऊ लागली. १९६१च्या उत्तरार्धात रॉलिन्स जॅझ गॅलरी या क्लबात पुन्हा उभा राहिला, तेव्हा समोर बसलेले लोक केवळ एका वादकाला ऐकायला आलेले नव्हते. पुलावरून खाली उतरलेला माणूस काय घेऊन आला आहे, हे त्यांना पाहायचे होते.

त्या दोन वर्षांत खाली काय घडले

रॉलिन्स पुलावर असताना जॅझ थांबलेले नव्हते, आणि नाराज झालेल्यांची बाजू समजून घ्यायची तर एवढे ध्यानात ठेवावेच लागते. १९५९च्या नोव्हेंबरात सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन फाइव्ह स्पॉट या क्लबात येऊन थडकला आणि ठरलेल्या कॉर्डांच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांच्या, चौकटीशिवायही वाजवता येते हे त्याने दाखवून दिले. १९६०च्या डिसेंबरात त्याने चार-चार वादकांच्या दोन चौकड्यांना एकाच वेळी वाजवायला लावून ‘फ्री जॅझ’ ध्वनिमुद्रित केले. कोल्ट्रेनने ‘जायंट स्टेप्स’मध्ये कॉर्डांच्या वेगवान साखळीचा कडेलोट गाठला आणि लगोलग उलट दिशेने, एकाच स्वरसमूहावर दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या वादनाकडे तो वळला. १९६१च्या नोव्हेंबरात ‘डाऊन बीट’ मासिकात एका समीक्षकाने कोल्ट्रेन आणि त्याचा साथीदार एरिक डॉल्फी यांच्या वादनाला सरळ ‘जॅझविरोधी’ ठरवले. म्हणजे श्रोत्यांमध्ये आधीच दोन फळ्या पडल्या होत्या, आणि दोन्ही बाजूंना रॉलिन्स आपल्याकडे हवा होता.

अशा वातावरणात १९६२च्या जानेवारी-फेब्रुवारीत न्यूयॉर्कमधल्या आरसीएच्या स्टुडिओत ‘द ब्रिज’ ध्वनिमुद्रित झाली. सोबत गिटारवर जिम हॉल, बासवर बॉब क्रॅनशॉ आणि ड्रम्सवर बेन रायली होते. एका रचनेत रायलीच्या जागी एच. टी. सॉन्डर्स आहे. एकूण सहा रचना. त्यांपैकी ‘जॉन एस.’ आणि ‘द ब्रिज’ या दोनच रॉलिन्सच्या स्वतःच्या. उरलेल्या चार जुन्या, लोकांच्या ओठावरच्या, ज्यांना जॅझमध्ये स्टँडर्ड म्हणतात त्या. पहिलेच वाजते ते ‘विदाऊट अ साँग’ हे १९२९चे गाणे, आणि शेवटचे कोल पोर्टरचे ‘यू डू समथिंग टू मी’, तेही १९२९चेच. मध्ये बिली हॉलिडेचे ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ आहे.

मते

नाराज श्रोत्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की दोन वर्षे पुलावर घालवून हा माणूस जिथून गेला होता तिथेच परत आला. त्यांच्या दृष्टीने तबकडी वाईट नव्हती. वादक चांगला होता, साथ चांगली होती, पण त्यात नवी भाषा नव्हती. कोलमनने कॉर्डांची चौकट मोडली, कोल्ट्रेनने तिचा अर्थ बदलला, आणि रॉलिन्सने मात्र तेहतीस वर्षांपूर्वीचे गाणे घेऊन ते नेटके वाजवले. हा आक्षेप उथळ नाही. जॅझमध्ये प्रत्येक थोर वादकाने आपल्या आधीच्याला कुठेतरी ओलांडलेले असते, आणि ज्याने स्वतःहून मैदान सोडले त्याच्याकडून काही मोठे निघेल ही अपेक्षा ठेवण्यात गैर काही नव्हते.

याच्या अगदी उलट टोकाला ते श्रोते होते ज्यांना नव्या वादळाची धास्ती वाटत होती. त्यांनी ‘द ब्रिज’चे स्वागत केले, पण त्या स्वागतात सुटकेचा निःश्वास अधिक होता. गाणे ओळखू येते, लय पायाने धरता येते, कोणी किंचाळत नाही. म्हणून तबकडी थोर. मला हे मत पहिल्यापेक्षाही कमी पटते, कारण त्यात रॉलिन्सच्या वादनाकडे पाहिलेलेच नाही, फक्त इतरांच्या वादनापासून पळ काढलेला आहे.

तिसरा वाद गिटारचा होता, आणि संगीताच्या दृष्टीने तो मला सर्वांत रंजक वाटतो. पियानो सतत कॉर्ड वाजवून सुरांना एक जमीन देतो, पण त्याच जमिनीवर वादकाला बांधूनही ठेवतो. म्हणूनच रॉलिन्सने आधी पियानोशिवायचा प्रयोग केला होता. जिम हॉलची गिटार या दोहोंच्या मधली आहे. तो कमी वाजवतो. एखादी कॉर्ड देतो, मग गप्प राहतो, आणि त्या मोकळ्या जागेत टेनरचा जाड, किंचित खरखरीत सूर ऐसपैस पसरतो. काहींच्या मते या मवाळ गिटारने रॉलिन्सची धार बोथट केली. त्याला समोर कोणी धक्का देणारा हवा होता. शिवाय हॉल गोरा होता. नागरी हक्कांची चळवळ पेटलेली असताना, ‘फ्रीडम स्वीट’ रचणाऱ्या कृष्णवर्णीय वादकाने गोरा गिटारवादक घ्यावा, हे काहींना रुचले नाही. रॉलिन्सने मात्र त्या काळात त्याला सोडले नाही.

याच संदर्भात एक गोष्ट नोंदवून ठेवतो. ‘विदाऊट अ साँग’च्या मूळ शब्दांत कृष्णवर्णीयांसाठीचा एक हिणकस शब्द होता, जो पुढे गायकांनी बदलला. सॅक्सोफोनवर वाजवताना तो शब्द आपोआप गळून पडतो, आणि चाल तेवढी उरते.

एका रविवारचा प्रयोग

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी पुण्यात माझ्या घरी चार जणांना ही तबकडी ऐकवली. यातून काही सिद्ध होत नाही, हे कबूल आहे. पण माझ्या मनातला संशय तपासण्यासाठी मी एक युक्ती केली. दोघांना पुलाची गोष्ट आधी सांगितली आणि दोघांना काहीच सांगितले नाही. गोष्ट माहीत असलेल्यांत एक ताई होत्या, ज्या गेली तीस वर्षे ख्याल शिकत आणि शिकवत आहेत, आणि दुसरा कोल्ट्रेनवर जीव टाकणारा, शेजारचा पंचविशीतला मुलगा. गोष्ट न सांगितलेल्यांत हौसेने गिटार वाजवणारे एक अभियंते स्नेही आणि माझा मेहुणा, ज्याने जन्मात जॅझ ऐकलेले नव्हते.

‘विदाऊट अ साँग’ संपल्यावर शेजारचा मुलगा म्हणाला, “काका, छान आहे, पण यासाठी दोन वर्षं?” हे वाक्य जवळजवळ १९६२चेच होते. ताई मात्र पहिल्या मिनिटापासून डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी मला सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवायला सांगितली. मग त्यांनी बोटाने दाखवले की तो एखाद्या स्वरावर उतरतो तेव्हा स्वर कसा आधी किंचित मागे राहतो आणि मग पूर्ण वजनाने बसतो, आणि ओळ कितीही लांबली तरी शेवटच्या स्वरापर्यंत श्वास कमी पडल्याची खूण कशी कुठेच नाही. “दमसास बघा,” त्या म्हणाल्या. “शेवटचा स्वर पहिल्याइतकाच भरलेला आहे. हे दोन महिन्यांत येत नाही.” त्यांच्या दृष्टीने दोन वर्षांचे फळ पहिल्याच ओळीत पदरात पडले होते, आणि ते नवेपणात मुळीच नव्हते.

गोष्ट न सांगितलेल्यांचे काय? अभियंत्यांचे लक्ष अर्थातच गिटारकडे होते. त्यांना हॉल आवडला आणि सॅक्सोफोन त्यांनी जवळजवळ गृहीत धरला. मेहुण्याला पहिली रचना ‘हॉटेलात वाजते तशी’ वाटली, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. पण तिसरी, ‘जॉन एस.’, सुरू झाल्यावर तो सरळ बसला, कारण सुरुवातीची तुटक, अडखळल्यासारखी वाक्ये एकदम पळत्या लयीत शिरतात. आणि ‘द ब्रिज’ या शीर्षकाच्या रचनेने त्याला पुरते पकडले. ही रचना अतिद्रुत आहे. तिच्या मुखड्यातच लयीचे झटके आणि वळणे आहेत, आणि त्यातून बाहेर पडल्यावर रॉलिन्स ज्या वेगाने धावतो त्या वेगातही त्याचा प्रत्येक स्वर वेगळा आणि गोल ऐकू येतो. मेहुण्याने विचारले, “हा माणूस श्वास कधी घेतो?” ताईंचा दमसास आणि मेहुण्याचा प्रश्न एकच होता, आणि त्यातल्या एकाला पुलाचा पत्ताही नव्हता.

हे ऐकून मला माझा संशय थोडा दुरुस्त करावा लागला. गोष्ट माहीत असल्यामुळे नाराजी येते, हे शेजारच्या मुलाच्या बाबतीत खरे ठरले. पण गोष्ट माहीत असूनही ताई नाराज झाल्या नाहीत, कारण रियाजाविषयीची त्यांची अपेक्षाच निराळी होती. ख्यालाच्या परंपरेत गवई वर्षानुवर्षे भूप किंवा यमन घोटतो तेव्हा त्यातून नवा राग निघावा अशी कोणाची अपेक्षा नसते. तोच राग अधिक खरा लागावा एवढेच मागणे असते, आणि ते ऐकू येणारा कान श्रोत्याकडे असावा लागतो. १९६२च्या न्यूयॉर्कमध्ये, ज्या कलेत दर पाच वर्षांनी भाषा बदलत होती, तिथे श्रोत्याने रियाजाकडून शोध मागितला. दोन्ही मागण्या आपापल्या घरात रास्त आहेत. रॉलिन्सने पुलावर कोणती मागणी पुरवायला घेतली होती, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर पुलाच्या गोष्टीपेक्षा पुढच्या काही महिन्यांत अधिक स्पष्ट दिसते.

त्याच वर्षाचा जुलै

‘द ब्रिज’चे ध्वनिमुद्रण संपल्याला सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा १९६२च्या जुलैमध्ये व्हिलेज गेट या क्लबात रॉलिन्सने ‘अवर मॅन इन जॅझ’ ध्वनिमुद्रित केली. बासवर क्रॅनशॉच होता, पण बरोबर घेतले होते ते डॉन चेरी आणि बिली हिगिन्स, म्हणजे कोलमनच्याच मेळातले दोन वादक. त्यातली ‘ओलिओ’ ही रॉलिन्सची जुनी रचना पंचवीस मिनिटांहून अधिक चालते. लय मध्येच वाढते, विरते, चौकट दिसते आणि नाहीशी होते. ज्यांनी ‘द ब्रिज’मध्ये नवी भाषा मागितली होती त्यांना ती इथे मिळाली, आणि ज्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता त्यांची पुन्हा पंचाईत झाली.

या दोन तबकड्या शेजारी ठेवल्या की पहिलीविषयीचा एक गैरसमज तरी दूर होतो. रॉलिन्सला नवे वाजवता येत नव्हते म्हणून त्याने ‘द ब्रिज’मध्ये जुनी गाणी वाजवली, असे म्हणता येत नाही. परतीच्या पहिल्या दिवशी त्याने जुनी गाणी निवडली, हे त्याने समजून-उमजून केले असावे, असा माझा तर्क आहे. पुलावर जे कमावले ते स्वराचे वजन, दमसास आणि लयीवरची पकड या गोष्टी होत्या, आणि त्या ओळखीच्या चालीवरच स्वच्छ दिसतात. अनोळखी भाषेत बोलणाऱ्याचे उच्चार शुद्ध आहेत की नाहीत, हे श्रोता कशावरून ठरवणार?

नावाचाही एक पदर इथे आहे. जॅझमधल्या असंख्य गाण्यांची रचना आठ-आठ मात्रागटांच्या चार तुकड्यांची असते. पहिले दोन सारखे, तिसरा निराळा, आणि चौथा पुन्हा पहिल्यासारखा. त्या तिसऱ्या तुकड्याला वादक ब्रिज म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर मुखड्याकडून मुखड्याकडे नेणारा अंतरा. दोन सारख्या गोष्टींच्या मध्ये येणारा निराळा भाग, जो पुन्हा मूळ चालीवर आणून सोडतो: नाराज श्रोत्यांची तक्रार आणि समाधानी श्रोत्यांची दाद, दोन्ही या एका व्याख्येत मावतात.

नंतरचे

रॉलिन्सचे असे बाजूला होणे शेवटचे नव्हते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तो मुंबईत येऊन पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहिला. ध्यानात मन लागत नाही अशी त्याची अडचण होती, आणि सॅक्सोफोन वाजवणे हीच तुझी साधना आहे, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले, असे तो सांगत असे. १९७८ साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली, तेव्हा तो तिथे वाजवायलाही आला. पुलावरच्या वादकाला पवईत रियाज आणि ध्यान यांत फरक नसल्याचे सांगितले जावे, हे मला या प्रकरणाशी अवांतर वाटत नाही, कारण ताईंनी पहिल्याच ओळीत जे ऐकले ते त्याच जातीचे होते.

२००१च्या ११ सप्टेंबरला रॉलिन्सचे न्यूयॉर्कमधले घर वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या अगदी जवळ होते. त्याला सॅक्सोफोन घेऊन घर सोडावे लागले. चार दिवसांनी, ७१व्या वर्षी, त्याने बोस्टनमध्ये मैफल केली. त्या मैफलीची तबकडी पुढे निघाली आणि तिला ‘विदाऊट अ साँग’ हेच नाव दिले गेले. ‘द ब्रिज’मधल्या पहिल्या रचनेला ‘एवढ्यासाठी दोन वर्षे?’ म्हणणाऱ्यांनी हे दोन आविष्कार लागोपाठ ऐकून पाहावेत, एवढे मी शेजारच्या मुलाला सुचवले आहे.

त्या रविवारी शेवटची रचना संपल्यावर मी उरलेल्या दोघांनाही पुलाची गोष्ट सांगितली. अभियंत्यांनी मान हलवली आणि पुन्हा हॉलविषयीच बोलू लागले. मेहुणा जरा वेळ गप्प राहिला, आणि म्हणाला, “मग ते पहिलं परत लावा.” लावले. ऐकून झाल्यावर त्याचे मत विचारले, तर त्याला ते अजूनही हॉटेलात वाजते तसेच वाटत होते. फक्त आता ते हॉटेल जरा महागडे असावे, असे तो म्हणाला. ताई हसल्या आणि आपला चहा गार झाल्याची तक्रार करीत उठल्या.